घरी जोडलेली मोटार

मोटार घ्यायची म्हणजे शोरूममध्ये जायचे, रंग निवडायचा, कर्जाच्या कागदांवर सह्या करायच्या आणि पेढ्यांचा पुडा घेऊन घरी यायचे. आपल्याला हीच रीत ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये मात्र गेली सत्तर वर्षे काही लोक वेगळ्याच रीतीने मोटार घेतात. त्यांच्या दारात ट्रक थांबतो. त्यातून एक लोखंडी सांगाडा आणि बरीच खोकी उतरतात. एका खोक्यात स्टिअरिंग, दुसऱ्यात ब्रेक, तिसऱ्यात वायरिंग, आणि नटबोल्टच्या पिशव्याच पिशव्या. मग सुट्टीच्या दिवशी आणि रात्री जेवणानंतर घरच्या गॅरेजात मोटार आकार घेऊ लागते. जोडणारा माणूस कधी बँकेत कारकून असतो, कधी दवाखान्यात डॉक्टर, कधी निवृत्त पोस्टमास्तर. या मोटारीला ‘किट कार’ म्हणतात.

हा लेख वाचून कोणी अंगणात मोटार जोडायला घ्यावी, असा माझा हेतू नाही. आपल्याकडचा कायदा तसे करू देत नाही, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते ती शिक्षक म्हणून. दरवर्षी वर्गात एकदोन मुले अशी असतात की भूमितीच्या तासाला त्यांची मान खाली असते, आणि शाळा सुटल्यावर तीच मुले चाचांच्या किंवा मामूंच्या गॅरेजात इंजिन खोलून पुन्हा बसवतात. घरात अम्मी-अब्बांना वाटते, पोरगा अभ्यासात कच्चा आहे. गॅरेजातल्या उस्तादाला वाटते, पोरगा तयार आहे. दोघांचेही अर्धे बरोबर असते. हाताने काम करणाऱ्याला आणि कागदावर हिशेब करणाऱ्याला आपण दोन वेगळ्या बाकांवर बसवून ठेवले आहे. या छोट्या मोटारीने त्या दोघांना एकाच बाकावर बसवले.

पंचवीस पौंडांचे भांडवल

कॉलिन चॅपमन यांचा जन्म १९२८ सालचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ते स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकले. म्हणजे पूल, इमारती, छपरे यांच्या सांगाड्यांचे शास्त्र. कुठला खांब किती भार घेतो, कुठली कैची कुठे वाकते, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. मोटारींचे वेड वेगळे.

१९४८ साली त्यांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली. ही गाडी १९२२ पासून इंग्लंडात निघत होती. साध्या माणसाला परवडणारी, छोटी, दुरुस्तीला सोपी. आपल्याकडे मारुती ८०० ला जे स्थान होते, तेच तिकडे तिला होते. चॅपमन यांनी तिचा जुना सांगाडा ठेवून वरचे अंग स्वतः बनवले. जागा होती त्यांच्या मैत्रिणीच्या, पुढे पत्नी झालेल्या हेझल यांच्या आईवडिलांच्या घरामागचे गॅरेज. १९५२ साली हेझल यांनी दिलेल्या पंचवीस पौंडांवर ‘लोटस इंजिनिअरिंग’ ही कंपनी उभी राहिली. कारखाना कुठे? लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात.

भांडवल नाही, यंत्रे नाहीत, मोठे प्रेस नाहीत. मग मोटार बनवायची कशी? चॅपमन यांनी दोन निर्णय घेतले. पहिला, जे स्वतः बनवता येत नाही ते बाजारातले वापरायचे: इंजिन फोर्डचे, इतर भागही असेच दुसऱ्या साध्या गाड्यांचे. दुसरा, जे बनवायचे ते इतके साधे आणि हलके ठेवायचे की लहान इंजिनालाही ओढताना दम लागू नये. त्यांची पहिली विक्रीची गाडी ‘मार्क सिक्स’ सुट्या भागांतच विकली गेली. १९५७ साली तिची धाकटी बहीण आली: लोटस सेव्हन. छप्पर नाही, धड दरवाजे नाहीत, पुढची चाके अंगाबाहेर, दिवे दोन डोळ्यांसारखे वर काढलेले. इंजिन ११७२ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. वजन साधारण ५०० किलो.

तुलनेसाठी, आपली मारुती ८०० सुमारे साडेसहाशे किलोची होती, आणि तीही हलकी गाडी म्हणूनच ओळखली जायची.

उलटे वाचायचे पुस्तक

गाडी सुट्या भागांत विकण्यामागे एक व्यवहाराचे कारणही होते. त्या काळात ब्रिटनमध्ये तयार नव्या मोटारीवर ‘पर्चेस टॅक्स’ नावाचा जबर कर होता. सुट्या भागांवर तो नव्हता. सुरुवातीला लोटस सेव्हनचे किट सुमारे ५३६ पौंडांत मिळे; तीच गाडी तयार घेतली तर करासह १,०३६ पौंडांपर्यंत जाई. म्हणजे जवळजवळ दुप्पट. ज्याला पाना धरता येतो, त्याची अर्धी किंमत वाचली.

पण सरकारही हुशार. नियम असा होता की सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या, तर ती तयार गाडीच समजून कर लावायचा. यावर लोटसने काढलेली पळवाट इंग्लंडमध्ये आजही हसून सांगितली जाते. त्यांनी जोडणीचे पुस्तक दिलेच नाही. गाडी खोलायची कशी, याच्या सूचना दिल्या. आधी हे काढा, मग ते काढा. घेणाऱ्याने शेवटच्या पानापासून उलटे वाचत यायचे, की गाडी तयार!

गंमत बाजूला ठेवली तरी यात शिकवण्याची एक खरी पद्धत दडलेली आहे. गॅरेजातला प्रत्येक शागिर्द असाच शिकतो. उस्ताद त्याला पहिले सहा महिने फक्त खोलायला लावतो. खोलताना कुठला वॉशर कुठे होता हे ज्याने लक्षात ठेवले, त्याला बसवायला वेगळे शिकवावे लागत नाही.

१९७३ साली ब्रिटनमध्ये व्हॅट आला आणि किटवरची करसवलत संपली. त्याच सुमारास लोटसलाही ही गाडी नकोशी झाली होती. त्यांना मोठ्या, महागड्या गाड्यांकडे वळायचे होते. सुमारे अडीच हजार गाड्या बनवून लोटस सेव्हन बंद होणार, असे दिसत होते. तेव्हा सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावचे विक्रेते ग्रॅहम नर्न यांनी तिचे हक्क विकत घेतले. लोटसने शेवटी काढलेले नवे, फायबरच्या अंगाचे मॉडेल त्यांनी थोडे दिवस बनवले आणि १९७४ मध्ये सरळ जुन्या साध्या नमुन्यावर परतले. ‘कॅटरहॅम सेव्हन’ या नावाने ती गाडी आजही निघते, आणि आजही किटमध्ये मिळते. कराचा फायदा जाऊन पन्नास वर्षे झाली. तरी लोक खोकी मागवतातच. पैसे वाचवणे हे निमित्त होते. स्वतःच्या हाताने गाडी उभी करण्याचे सुख हे कारण टिकले.

त्रिकोणाची ताकद

एवढी हलकी गाडी मोडत कशी नाही? याचे उत्तर घरी मुलांना पाच मिनिटांत दाखवता येते.

आइस्क्रीमच्या चार काड्या घ्या आणि टोकांना टाचण्या टोचून चौकोन करा. एका कोपऱ्यावर बोट दाबले की चौकोन कलंडतो, पतंगासारखा तिरका होतो. आता तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि दाबा. काडी मोडल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलत नाही. चौकोनात एक तिरकी काडी टाकली की त्याचेही दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो. रेल्वेच्या पुलावर, पत्र्याच्या शेडच्या कैच्यांमध्ये, विजेच्या मनोऱ्यावर हेच त्रिकोण दिसतात.

चॅपमन पूल-इमारतींचे इंजिनिअर होते, हे इथे कामी आले. त्यांनी मोटारीचा सांगाडा पुलासारखा रचला. जाड लोखंडी पट्ट्यांच्या जागी बारीक पोकळ पाइप, आणि ते शक्य तिथे त्रिकोणात जोडलेले. अशा रचनेत पाइपवर येणारा भार मुख्यतः ताणाचा किंवा दाबाचा असतो, वाकवण्याचा कमी. ताण आणि दाब सोसायला पोकळ पाइपही पुरतो. यालाच ‘स्पेसफ्रेम’ म्हणतात. वरून ॲल्युमिनिअमचा पातळ पत्रा रिव्हेटने बसवला की तो पत्राही थोडा भार उचलतो. ज्या मुलाला पुस्तकातला त्रिकोण कंटाळवाणा वाटतो, त्याच्या हातात हा सांगाडा दिला तर त्याच त्रिकोणावर गाडी उभी असल्याचे त्याला दिसेल.

हलकेपणाचा हिशेब

चॅपमन यांचा विचार थोडक्यात असा होता: ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते, वजन घटवले तर ती सगळीकडेच वेगवान होते. वेग घेताना, वळताना, थांबताना, तिन्ही वेळी वजन आडवे येते.

एकाच वेगाने धावणाऱ्या दोन गाड्यांपैकी एक ५०० किलोची आणि दुसरी १,००० किलोची असेल, तर थांबवताना हलक्या गाडीच्या ब्रेकना निम्मीच ऊर्जा जिरवावी लागते. म्हणजे ब्रेक लहान चालतात. ब्रेक लहान, तर चाक हलके. चाक हलके, तर स्प्रिंग हलकी. इंजिन लहान पुरते, म्हणून रेडिएटर लहान, पेट्रोलची टाकी लहान, आणि हे सगळे पेलणारा सांगाडाही हलका. एक किलो वाचवला की आणखी थोडे वजन आपोआप वाचते.

उलट दिशेनेही हेच घडते. लग्नाला दोन दिवसांसाठी निघालेल्या कुटुंबासारखे. एक बॅग वाढली की रिक्षा पुरत नाही, जीप करावी लागते. जीप केली की आणखी दोन माणसे आणि तीन डबे चढतात.

कॅटरहॅमचे २०२१ मध्ये आलेले ‘सेव्हन १७०’ हे मॉडेल पाहा. इंजिन सुझुकीचे, तीन सिलिंडरचे, ६६० सीसी, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही लहान. टर्बोमुळे ताकद ८४ अश्वशक्ती. वजन मात्र ४४० किलोच्या आसपास. आपल्या रस्त्यांवरच्या कितीतरी गाड्यांची ताकद याहून जास्त आहे, पण त्या दुपटीहून जड आहेत.

खोकी उघडल्यावर

किट जोडायला सराव नसलेल्या माणसाला साधारण ८० ते १०० तास लागतात. सांगाडा वेल्डिंग होऊन, रंगून येतो. तो लाकडी घोड्यांवर ठेवायचा आणि काम सुरू.

पहिले काम मोजणीचे. प्रत्येक खोक्यातल्या वस्तू यादीशी ताडून पाहायच्या. त्यानंतर पुढचे सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेकच्या नळ्या. इंजिन आणि गिअरबॉक्स बाहेरच एकमेकांना जोडून, छोट्या क्रेनला टांगून, तिरके करत सांगाड्यात उतरवतात. जागा बोटभर, एकाने क्रेन धरायची, दुसऱ्याने खालून हात देऊन वळवायचे. मागच्या बाजूला डिफरन्शिअल बसवणे सगळ्यांत चिकाटीचे. ते बरोबर मधोमध यावे म्हणून दोन्ही बाजूंना पातळ वॉशर कमी-जास्त करत बसावे लागते. मापून पाहायचे, काढायचे, एक वॉशर इकडून तिकडे, पुन्हा मापायचे. इथे ताकद कामाची नाही, सब्र कामाचा.

काही कामे एकट्याने होतच नाहीत. ब्रेकमधली हवा काढायची तर एकाने आत बसून पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळ बसून निपल उघडायचे. ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ अशा हाका चालू राहतात. एवढे काम दहा-बारा वर्षांची मुलगीही करू शकते, आणि ज्या घरात असे काम चालते त्या घरातल्या मुलीला ब्रेक कसा लागतो हे कधी पाठ करावे लागत नाही.

या सगळ्यात एक हत्यार फार महत्त्वाचे: टॉर्क रेंच. नट किती जोराने आवळायचा याचा ठरलेला आकडा असतो. तो आकडा आला की पाना ‘टिक्’ करतो. कमी आवळला तर नट सुटेल, जास्त आवळला तर आटे जातील किंवा बोल्ट तुटेल. आवळून झाल्यावर नटावर रंगाची रेघ मारतात, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. आपल्याकडचे जुने मेकॅनिक अंदाजाने आवळतात, आणि चांगल्या उस्तादाचा अंदाज फारसा चुकत नाही. पण अंदाज उस्तादाबरोबर जातो, आकडा वहीत राहतो. पुढच्या पिढीला द्यायचा असेल तर तो लिहावा लागतो.

एका शिक्षकाने लिहिलेले पुस्तक

किट कितीही साधे म्हटले तरी महागच. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच दावा होता: अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा. चॅम्पियन इंग्लंडच्या आउंडल शाळेत शिक्षक होते आणि तिथल्या कार्यशाळेत मुलांकडून अशा गाड्या बांधून घेत. कृती अशी: भंगारात निघालेली एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट घ्यायची. तिचे इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल, ब्रेक काढून घ्यायचे. फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतो तसा २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप कापून, पुस्तकातल्या मापांनुसार सांगाडा वेल्ड करायचा. या गाडीला नाव पडले ‘लोकॉस्ट’, म्हणजे कमी खर्चाची.

प्रत्यक्षात बहुतेकांचा खर्च २५० पौंडांच्या बराच वर गेला. तरी पुस्तक गाजले आणि देशोदेशीच्या लोकांनी त्यावरून गाड्या बांधल्या. इंग्लंडमधल्या ‘७५० मोटर क्लब’ने या गाड्यांच्या शर्यतीही सुरू केल्या. हा क्लब मुळात ऑस्टिन सेव्हनच्या शौकिनांचा. तरुणपणी चॅपमन याच क्लबच्या शर्यतींत उतरले होते. तबेल्यात सुरू झालेली गोष्ट अशी शाळेतून फिरून पुन्हा त्याच मैदानावर आली.

शिक्षक म्हणून मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. मुलांना भंगारातली गाडी दिली, पण माप भंगारातले दिले नाही. पाइप मिलिमीटरला कापायचा, कोन गुण्याने तपासायचा, वेल्ड कच्चा निघाला तर कापून पुन्हा करायचा.

बदल करायचे तर आधी काय?

मोटार जोडून झाली की ती आणखी चांगली करण्याची हौस सुरू होते. आपल्याकडच्या तरुणांना ‘मॉडिफाय’ हा शब्द चांगला ठाऊक आहे. मोटारसायकलला फटफट आवाजाचा सायलेन्सर, रुंद टायर, डोळे दिपवणारे दिवे. महिन्याचा पगार त्यात जातो आणि गाडी एका मीटरनेही लवकर थांबत नाही.

सेव्हनचे जाणकार वेगळ्या क्रमाने जातात. सर्वांत आधी टायर आणि ब्रेक. मग सस्पेन्शन आणि चाकांचे कोन. मग वजनाची वाटणी: गाडीच्या चारही चाकांखाली चार वजनकाटे ठेवतात, चालकाला किंवा त्याच्या वजनाइतकी पोती सीटवर ठेवतात, आणि स्प्रिंगची उंची थोडी थोडी फिरवत भार नीट वाटला जाईपर्यंत काम करतात. पाचशे किलोच्या गाडीत ऐंशी किलोचा माणूस बसला की गणित बदलते, म्हणून त्याला मोजल्याशिवाय चालत नाही. ताकद वाढवणे सर्वांत शेवटी.

कारण एक बदल दुसऱ्याला ओढून आणतो. मोठे इंजिन घातले की उष्णता वाढते, रेडिएटर मोठा लागतो, पुढचे वजन वाढते, स्प्रिंग बदलाव्या लागतात, क्लच घसरू लागतो, ब्रेक अपुरे पडतात. रुंद टायर चांगलेच असे नाही. हलक्या गाडीखाली ते पुरेसे तापत नाहीत आणि पकड उलट कमी मिळते. काही हौशी लोक सेव्हनमध्ये मोटारसायकलचे इंजिन बसवतात. ते हलके असते, जोरात फिरते, गिअरबॉक्स त्यातच असतो. सगळे छान. गाडी पार्क करायची वेळ आली की लक्षात येते, मोटारसायकलला रिव्हर्स गिअर नसतो! मग त्यासाठी वेगळी यंत्रणा बसवा, म्हणजे पुन्हा वजन आले.

काय काढायचे, काय नाही

हलकेपणाच्या वेडालाही मर्यादा आहे आणि तिची किंमत माणसांनी मोजली आहे. शर्यतींच्या जगात चॅपमन यांच्या गाड्या विलक्षण वेगवान होत्या आणि नाजूकही. १९७० साली इटलीत मोंझा येथे सरावाच्या वेळी लोटस ७२ चालवणारे योखेन रिंट मरण पावले. पुढच्या चाकाकडे ब्रेकचा जोर नेणारा दांडा तुटला आणि गाडी कठड्यावर आदळली. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्यांना मरणोत्तर मिळाले. ते अवघे २८ वर्षांचे होते.

रस्त्यावरच्या सेव्हनमध्येही एअरबॅग नाही, आजूबाजूला जाड दरवाजे नाहीत, आणि ती इतकी बुटकी की ट्रकवाल्याला दिसली नाही असे होऊ शकते. चार माणसांच्या कुटुंबाची ती गाडी नव्हेच; दोन माणसे जेमतेम बसतात आणि पाऊस आला की भिजतात. म्हणून ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी थेट रस्त्यावर आणता येत नाही. तिला सरकारी तपासणीतून जावे लागते. २००९ पासून या तपासणीला ‘इंडिव्हिज्युअल व्हेइकल ॲप्रूव्हल’ म्हणतात. प्रत्येक गाडीची वेगळी तपासणी होते. ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, स्पीडोमीटर, सीटबेल्ट जिथे अडकतो ती जागा, सगळे पाहिले जाते. बाहेरच्या कडा धारदार नसाव्यात, ठरलेल्या गोलाईच्या असाव्यात, कारण त्या उद्या एखाद्या पादचाऱ्याला लागू शकतात. त्रुटी निघाली तर गाडी परत न्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा आणायची. कोणी त्याला अपमान मानत नाही.

स्वतःच्या हौसेने बांधलेल्या गाडीची अनोळखी माणसाच्या गुडघ्याला इजा होऊ नये, हा विचार त्या नियमात आहे. आवाजी सायलेन्सर लावून गल्लीतून जाणाऱ्या मुलाला आपण ‘कायदा मोडू नकोस’ म्हणतो. ‘त्या भिंतीआड कोणाचे तान्हे मूल झोपले आहे, कोणी आजारी आहे’ हे सांगितले, तर कदाचित जास्त पोचेल.

आपल्या मुलांसाठी वाट कोणती?

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत. नोंदणीच्या कागदावरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद केली. मान्यताप्राप्त सीएनजी किट किंवा अपंग व्यक्तीसाठीचे बदल, यांना रीतसर परवानगीने वाट आहे. घरी जोडलेली स्पोर्ट्स कार या चौकटीत बसत नाही.

पण मोटार बांधण्याची वाट बंद नाही, ती कॉलेजातून जाते. विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेल्या एका माणसाच्या शर्यतीच्या गाड्यांची ‘फॉर्म्युला एसएई’ ही स्पर्धा १९८१ साली अमेरिकेत सुरू झाली. आपल्याकडे ‘सुप्रा’, ‘फॉर्म्युला भारत’ आणि खडबडीत रस्त्यांच्या गाड्यांची ‘बाहा’ या स्पर्धा होतात. ‘बाहा’ इंदूरजवळ पीथमपूरला भरते. मुंबई-पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांचे संघ त्यांत उतरतात. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली विजेवरची गाडी इंग्लंडच्या सिल्व्हरस्टोन मैदानावर नेली आहे. या गाड्यांचा सांगाडाही बहुधा पाइपांचा आणि त्रिकोणांचाच. फॉर्म्युला स्पर्धांची तपासणी कडक असते. ब्रेक दाबल्यावर चारही चाके जागेवर अडली पाहिजेत. गाडी ६० अंशांत तिरकी केल्यावर चाक उचलता कामा नये, तेलाचा थेंबही गळता कामा नये. चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे. खर्चाचा हिशेब आणि रचनेची कारणे परीक्षकांसमोर तोंडी सांगावी लागतात.

सगळ्यांना इंजिनिअरिंग कॉलेज परवडत नाही, जमतही नाही. त्यांच्यासाठी आयटीआय आहे: फिटर आणि मेकॅनिक मोटर व्हेइकल दोन-दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. गॅरेजात शिकलेल्या मुलाकडे हुनर असते, कागद नसतो. त्यामुळे तो कुर्ल्याच्या गॅरेजात वीस वर्षे उत्तम काम करूनही कारखान्याच्या दारात ‘अकुशल’ ठरतो. त्याला ड्रॉइंग वाचायला, व्हर्निअर लावायला आणि आकडा लिहायला शिकवले, तर तोच कारागीर म्हणून आत जातो. त्याच्या हातात आहेच ते काढून घ्यायचे नाही. त्यात कागदाची भर घालायची आहे. मुलीला या ट्रेडमध्ये रस असेल तर तिलाही तेच दार खुले आहे.

घरात सुरुवात करायची तर मोटारीची गरज नाही. माळ्यावर पडलेली जुनी सायकल पुरेशी आहे. सुट्टीत ती मुलांना पूर्ण खोलू द्या, बेअरिंगच्या छऱ्यांपर्यंत. अटी तीनच ठेवा. काढलेला प्रत्येक भाग जुन्या चादरीवर क्रमाने मांडायचा. वहीत त्याचे चित्र काढून माप लिहायचे. आणि पुन्हा जोडल्यावर ब्रेक अब्बांनी किंवा अम्मींनी तपासल्याशिवाय सायकल दाराबाहेर न्यायची नाही. चादरीवर एखादा वॉशर उरला तर रागावू नका. तो कुठला, हे शोधायला पुन्हा खोलू द्या.